कासारणीला न सापडलेलं पात्र

भांडी विकणाऱ्या भागीरथी कासारणीला शेजारचा तुळाजी रोज दारात उभा राहून शिव्या घालायचा. लाजेनं सुनेनं बाहेर पडणंच सोडलं, तेव्हा बाई फौजदारापुढे जाऊन उभी राहिली.

"शिवीगाळ दखलपात्र नाही," फौजदार मिशी पिळत म्हणाले.

बाई गोंधळली. जन्म भांड्यांत गेला, पण हे पात्र काही पाहण्यात नव्हतं. "म्हंजी काय, सायेब?"

"म्हणजे, शिवी पोलिसाला ऐकूच येत नाही, असं समज!"

"असं होय?" बाईनं डोकं खाजवलं. "मग मेल्या, टकल्या, फुकटखाऊ..."

"ए भवाने, आत टाकीन!"

"अगंबाई, ऐकू आलं?" भागीरथीनं भाबडेपणानं हात जोडले. "मग चला की सायेब, तुळाजीचंही ऐकायला!"

फौजदार टोपी शोधू लागले.