वैद्यबाईंची कोरी वही

एका नदीकाठच्या गावात एक चितारी राहत होता. जाळीकामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो जाड कागद तेलात मुरवायचा आणि वाळला की धारदार सुरीनं त्यात नक्षी कातरायचा. ही झाली जाळी. ती पानावर ठेवायची, वरून खडू आणि डिंकाचा लगदा बांबूच्या पट्टीनं ओढायचा आणि जाळी अलगद उचलायची. भोकांतून उतरलेली नक्षी पानावर उभी राहायची, बोटांना लागायची. त्यावर पातळ रंगाचा बोळा फिरवला की साधं पान जुन्या दगडी भिंतीसारखं खडबडीत, भरदार दिसू लागायचं. लोक ही पानं पोथ्यांना लावत, पाहुण्यांना भेट देत.

त्याच गावात झाडपाल्याची औषधं देणाऱ्या एक वैद्यबाई होत्या. वय सत्तरीच्या पुढं. एकदा चितारी झाडावरून पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा त्यांनीच महिनाभर लेप लावून, पट्टी बांधून ते सरळ केलं होतं. हात वाचला म्हणून त्याची कला वाचली. हे तो कधी विसरला नव्हता.

एके दिवशी वैद्यबाई त्याच्याकडे आल्या.

"मला एक वही करून दे," त्या म्हणाल्या. "दोनशेवर औषधं आहेत माझ्या डोक्यात. वाळवलेलं पान चिकटवायचं आणि शेजारी चार ओळी लिहायच्या. माझ्यामागं भाचीला उपयोगी पडेल."

"बस, एवढंच ना? करून देतो."

"आधी नीट ऐक. माझी नजर आता अधू झालीय. वहीचं कोणतं पान कुठल्या औषधांचं, ते मला बोटांनी कळायला हवं. डोंगरातल्या औषधांना कडेला त्रिकोण कर. नदीकाठच्यांना लाटा, आणि बांधावरच्यांना ठिपके. फक्त कडेला हं. मधली जागा माझी."

"तुमच्या मनासारखी होईल, बाई," चितारी म्हणाला.

त्यानं पहिलं पान तसंच केलं. डाव्या कडेला दोन बोटं रुंदीचे त्रिकोण, वर फिकट मातकट रंग, बाकी पान मोकळं. पान वाळल्यावर त्यानं ते लांब धरून पाहिलं आणि त्याचं मन खट्टू झालं. हे तर शिकाऊ माणसानंही केलं असतं. ज्या बाईंनी आपला हात वाचवला, त्यांना इतकं फिकं काम द्यायचं?

त्यानं त्रिकोणांवर वेलीची जाळी ठेवली. मग मध्ये एक कमळ उठवलं. कमळ एकटं दिसतं म्हणून भोवती जाळीदार महिरप आली. मोकळ्या राहिलेल्या जागेत त्यानं रंगीत कागदाचे कपटे चिकटवले आणि वरून पुन्हा ठिपके उमटवले. दुसऱ्या पानावर तर तो कडेला थांबलाच नाही. महिनाभर तो खाली मान घालून काम करत होता. येणारे-जाणारे थबकून बघायचे. सरपंच म्हणाले, "असं काम पंचक्रोशीत झालेलं नाही." ते ऐकून त्यानं आणखी एक थर चढवला.

वही तयार झाली, तेव्हा ती मिटत नव्हती, इतकी फुगली होती.

वैद्यबाईंनी पानांवरून बोटं फिरवली. कडेचे त्रिकोण शोधत त्या पानं उलटत गेल्या.

"फार मेहनत घेतलीस," शेवटी त्या म्हणाल्या. त्यांनी वही स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि घरी नेली.

चितारी खूश होता. वैद्यबाईंकडे औषधाला गेलेली माणसं परत येताना वहीचं कौतुक करायची. आत काय लिहिलंय, ते कुणी सांगत नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नाही.

वर्ष गेलं. वैद्यबाईंना मोठा ताप आला. बारा दिवसांनी तो उतरला, पण अर्धी स्मरणशक्ती घेऊन गेला. शेजारणीचं नाव त्यांना आठवेना. डबे समोर मांडले, तर कोणत्या डब्यात काय आहे ते सांगता येईना.

दोन दिवसांनी त्यांची भाची वही घेऊन चिताऱ्याकडे आली. तिनं ती त्याच्यासमोर उघडली. पहिल्या पानावर तीन ओळी होत्या. अक्षरं उंचवट्यांवर अडखळून वेडीवाकडी झाली होती आणि तिसऱ्या ओळीपाशी शाईचा मोठा डाग पडला होता. बाकी सगळी वही कोरी होती.

"का नाही लिहिलं?" चिताऱ्यानं विचारलं.

"बोरू अडतो, दादा. वाळलेलं पान चिकटत नाही, सुटून पडतं. आणि सगळीकडेच नक्षी, मग मावशीला बोटांनी काय कळणार? तिनं पाच-सहा वेळा प्रयत्न केला."

"मग मला येऊन सांगायचं. मी दुसरी केली असती."

"मी म्हटलं होतं तिला. ती म्हणाली, त्यानं जीव ओतलाय, त्याचं मन कशाला मोडायचं. आठवतंय तोवर तोंडी सांगेन. रोज उद्या, उद्या करत राहिली."

चितारी वहीकडे बघत बसला. मग उठला, मेणाच्या चिकटपट्ट्या घेतल्या आणि आपल्या आवडत्या जाळ्यांची भोकं बुजवायला लागला. वेल बुजवली, कमळ बुजवलं, महिरप बुजवली. कडेच्या त्रिकोण, लाटा, ठिपक्यांची तेवढी दोन बोटं उघडी ठेवली. कोऱ्या कागदांची चळत आणि जाळ्या घेऊन तो भाचीबरोबर गेला आणि वैद्यबाईंच्या ओसरीवर बसला.

तिथं तो एकेक पान करत गेला. एक पातळ थर, एक फिकट हात, बस. पान वाळलं की भाची ते मावशीच्या हातात द्यायची. वैद्यबाई कडेवरून बोटं फिरवायच्या.

"लाटा," त्या पुटपुटायच्या. "नदीकाठ... तिथं ती जांभळ्या देठाची असते. पोटदुखीला. पाला उकळायचा नाही, नुसता चेचायचा." भाची भराभर लिहून घ्यायची. कधीकधी लाटांवर बोटं फिरत राहायची आणि ओठ हलायचे, पण शब्द यायचा नाही. तेव्हा ते पान बाजूला ठेवलं जायचं.

असे चाळीस दिवस गेले. दोनशेवर औषधांपैकी एकाहत्तर नव्या पानांवर उतरली आणि त्या पानांची वही शिवली गेली. बाकीची गेली ती गेलीच. विंचवावरची मुळी त्या गेलेल्यांत होती. पुढं त्या गावात कुणाला विंचू चावला, की गाडी जोडून त्याला दोन गावं पलीकडं न्यावं लागे, आणि दर वेळी गाडी जुंपताना पाहिली की चिताऱ्याला ती फुगलेली वही आठवायची.

पुढल्या वर्षी वैद्यबाई गेल्या. भाची औषधं देऊ लागली. एक दिवस चितारी खोकल्याचं औषध घ्यायला तिच्याकडे गेला, तेव्हा परगावचा एक माणूस ताप आलेल्या मुलीला घेऊन बसला होता. भाचीनं वही उघडली. पानांचे कोपरे मळले होते, मधूनमधून काढ्याचे डाग होते. तिनं कडेचे ठिपके चाचपले, नेमकं पान काढलं आणि वाचून औषध दिलं.

परगावचा माणूस म्हणाला, "कडेला काही नक्षी आहे वाटतं. कुणी केलीय?"

भाची पुडी बांधत होती. तिचं लक्ष नव्हतं. "कुठं? हां, ती होय. ती पान सापडायला आहे," ती म्हणाली आणि मुलीला किती वेळा औषध द्यायचं ते सांगू लागली.

चितारी शेजारीच बसला होता. त्यानं आपलं नाव सांगितलं नाही. पुडी घेऊन तो मुकाट्यानं घरी गेला आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी त्याला जेवण गोड लागलं.

तात्पर्य: ज्याच्यासाठी काम करायचं, त्याची गरज आधी पाहावी, आपलं कसब तिथं मावेल तेवढंच घालावं. दुसऱ्याची जागा भरून टाकणारी कला कितीही सुंदर असली, तरी ती त्याच्या कामाची नसते.