वाळूत बसलेला नळ

फार वर्षांपूर्वी, राजेलोक होडीतून पाहणीला यायचे त्या काळी, समुद्रात एक बेट होतं. तिथल्या विहिरी सगळ्या खाऱ्या. म्हणून राजानं पलीकडच्या किनाऱ्यावरून समुद्राच्या तळावरून गोड्या पाण्याचा एक लोखंडी नळ बेटापर्यंत आणून दिला. त्याची राखण चांगुणा कोळीण करायची.

पहिल्या वर्षी नळानं तिला रडवलं. दर उधाणाला पाण्याची ओढ त्याला लोळवायची, आणि ही बिचारी बुड्या मारून दगड बांधत बसायची. मग त्याच ओढीनं हळूहळू नळाखालची वाळू उकरली, नळ खाली बसला, वर वाळू आली. त्यानंतर तो तसूभर हलला नाही.

आणि राजा नळ बघायला येणार असं कळलं! कारभाऱ्यांची धांदल उडाली.

"चांगुणे, अमावास्येच्या ओहोटीला तळ उघडा पडला की नळ उकर, घासून लख्ख कर. महाराज काय वाळू बघायला येणार?"

"उकरायचा नाही. वाळूत आहे म्हणून जागेवर आहे."

"हुकूम आहे माझा!"

"मग तो उधाणाला सांगून बघा."

कारभारी असे तापले, की विचारू नका! त्यांनी अख्खा गाव कामाला लावला. बेटाकडचा निम्मा नळ उघडा पडला, तशी चांगुणा पुढच्या वाळूवर आडवी झाली.

"आता फावडं माझ्यावर चालवा."

"तुझी राखण गेली म्हणून समज!"

"जाऊ दे. मी उठत नाही."

भरती आली तसे सगळे पळाले. पाणी छातीला लागल्यावर चांगुणा उठली.

सकाळी बघतात तर लख्ख केलेला नळ वाकडातिकडा होऊन खडकावर पडलेला. पोरं पाण्यासाठी रडू लागली. चांगुणानं अडवलेला निम्मा मात्र जागच्या जागी होता. तो होता म्हणून गावानं दोन दिवसांत वाकडा झालेला निम्मा त्याला जोडला, दगडांनी दाबला, वर वाळू लोटली. सगळा गेला असता तर बेट सोडावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी राजा आला. "नळ कुठाय?"

चांगुणानं तोटी सोडली आणि भरलेला तांब्या पुढे केला.

"एवढाच दिसतो, महाराज. बाकीचा तुमच्यासाठीसुद्धा उकरणार नाही."

राजा घटाघटा प्यायला, आणि त्यानं दुसरा तांब्या मागितला.

तात्पर्य: नीट बसलेलं काम कुणाला दाखवायला म्हणून उपटू नये, आणि उपटा म्हणणारा कितीही मोठा असला, तरी त्याला तोंडावर नाही म्हणावं.