आनसाक्काचे बत्तीस दात

ही गोष्ट आमच्या हिरंबोळीत सकाळीच सांगायची रीत आहे, चूळ भरायच्या आधी, तोंड अजून शिळं असताना. तशी रीत का, ते मला ठाऊक नाही. माझ्या आईनं मला तशीच सांगितली, म्हणून मीही तशीच सांगते.

फार वर्षांपूर्वी, नदीला पूल नव्हता आणि काठच्या काळ्या रानात सगळीकडे तंबाखू उभा असायचा, तेव्हा गावात आनसाक्का नावाची एक बाई राहत होती. नवरा लवकर गेलेला. एकच लेक, सुंद्रा, तिला गावातच पाटलांच्या घरी दिलेली. आनसाक्का मिश्री भाजायची. तंबाखूची पानं तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, उखळात कुटायची, फडक्यातून गाळायची. ती काळी पूड बायका बोटावर घेत, दातांवर, हिरड्यांवर चोळत आणि घटकाभर डोळे मिटून बसत. म्हणायला ते दात घासणं होतं. पण मिश्री लावली की डोकं हलकं व्हायचं, भूक मरायची, ठणकणारी दाढ निजून जायची. मग सकाळी एकदा, जेवणावर एकदा, भांगलण करताना बांधावर एकदा. मिश्रीची डबी कमरेला नाही अशी बाई गावात नव्हती. आणि मिश्री आनसाक्काच्याच हातची हवी. तिच्या हातात देव आहे, असं म्हणायचे.

आनसाक्काच्या शेजारी येसाक्का राहायची. दोघींची सोबत लहानपणापासूनची. एके वर्षी येसाक्का थुंकली की रक्त पडायला लागलं. ती हसून म्हणायची, "वयच झालं की आता." मग तिच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला, दुधावर साय धरते तसा. दुखत नव्हता, म्हणून तिनं कुणाला दाखवला नाही. मिश्रीनं तिथलं दुखणं केव्हाच मुकं करून ठेवलं होतं. पुढं त्या चट्ट्याची जखम झाली. मग येसाक्काचं तोंड मिटायला लागलं. आधी भाकरीचा घास जाईना. मग दोन बोटं जाईनात. मग एकही जाईना.

तरी ती रोज आनसाक्काच्या दारात यायची. हात पुढं करायची. आनसाक्का तिच्या करंगळीवर मिश्री ठेवायची आणि येसाक्का ती करंगळी ओठांच्या फटीतून आत ढकलायची. शेवटच्या दिवशीसुद्धा. उशाशी पेजेचं वाडगं भरलेलं होतं आणि ती उपाशी गेली.

त्या वर्षात आणखी दोघी तशाच गेल्या. तेव्हा गाव घाबरलं. कुणीतरी म्हणालं, गावात मुकी आलीय. मुकी म्हणजे काय, ते कुणी पाहिलं नव्हतं. पण ती नदीच्या काठी काळ्या खडकावर बसते, हसणाऱ्या बाईचे दात बघते आणि जिचे दात दिसले तिच्या तोंडाला कुलूप घालते, असं म्हणू लागले. दारांवर लिंबू-मिरच्या टांगल्या. वेशीवर कोंबडं दिलं. बायका तोंडावर पदर घेऊन बोलू लागल्या, मग पदराआडच जेवू लागल्या. पाणवठ्यावरचं हसणं बंद झालं. आई मुलीचं तोंड बघेना, बहीण बहिणीचं बघेना. ज्याच्या त्याच्या तोंडात काय चाललंय, ते ज्याच्या त्याच्या पदराआड राहिलं. आणि भीती वाटली की बाई आणखी एक चिमूट लावायची.

एक दिवस भर उन्हात आनसाक्का अंगणात मिश्री कुटत होती. उखळात काहीतरी पांढरं पडलं. तिनं उचलून बघितलं, तर तो दात होता. तिचाच. पडताना कळलासुद्धा नव्हता. तिनं जीभ फिरवली, तर गालाला आतून खरखरीत लागलं. ती उठली, परातीत पाणी ओतलं, परात उन्हात सरकवली आणि पाण्यावर वाकून तोंड उघडलं. आत साय धरली होती.

ती कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली, असं म्हणतात. मग तिला त्या तिघी आठवल्या. तिघींच्या कमरेची डबी तिनंच भरलेली.

गावाबाहेर माळावर बिरूबाई नावाची म्हातारी धनगरीण मेंढरं घेऊन उतरली होती. नातवंडांना नातवंडं झालेली आणि ऊस दातानं सोलून खायची. आनसाक्का तिच्याकडे गेली.

"बाई, तुझं दात कशानं राहिलं?"

"कशानं म्हंजे? मी त्यास्नी काय करतच न्हाई," बिरूबाई म्हणाली. "सकाळच्याला बाभळीची काडी. खाल्लं की दोन चुळा. निजायच्या आधी मिठाचं पाणी. तुमच्यागत जाळून राख चोळत न्हाई."

"तुला मुकीचं भ्या न्हाई वाटत?"

बिरूबाईनं तिच्या काळ्या बोटांकडे बघितलं. "तुझ्या हाताला वास कशाचा येतोय गं?" एवढंच ती म्हणाली.

आनसाक्का परतताना सगळ्या वाटेनं हात मातीला पुसत आली. मुकी बाहेरून आली नव्हती. ती तिच्याच तव्यावर भाजली जात होती. घरी येऊन तिनं तवा दगडावर आपटून फोडला.

दुसऱ्या दिवशी बायका दारात आल्या, तर चूल गार. आनसाक्का उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मिश्री न्हाई. आता कधीच न्हाई. येसाला मी मारलं. मुकी माझ्या तव्यात हुती, बायांनो."

बायका मागं सरकल्या. कुणी म्हणालं, हिला मुकीनं धरलंय. कुणी दगड उचलला. त्या दिवसापासून तिच्या दाराकडे कुणी फिरकलं नाही. मात्र दोन दिवसांत घरोघरी तवे चढले. आधी एका घरातून निघायचा तो धूर आता सगळ्या गावातून निघू लागला. आनसाक्का अंगणात बसून तो बघायची. तिचं स्वतःचं अंग मिश्रीसाठी थरथरत होतं. डोकं फुटायची वेळ आली होती. सात दिवस तिनं बाभळीची काडी चावत काढले. जिभेचं साल निघालं, पण बोट डबीला लागलं नाही.

आठव्या दिवशी तिनं पडलेला दात पदराच्या गाठीला बांधला आणि येसाक्काच्या घरी गेली. तिथं येसाक्काची जाऊ राहायची. तिनं दार लोटलं, पण आनसाक्का उंबऱ्यातच बसली. उन्हाकडे तोंड केलं आणि सगळं तोंड उघडलं.

"बघ," ती म्हणाली. "भिऊ नगंस, बघ नीट. येसाचं असंच सुरू झालतं. आता तुझं दाखीव."

जाऊ दाराआडून पुढं आली. मग तिनं पदर काढला. गावातल्या कुणी बाईनं दुसरीला तोंड उघडून दाखवलं, ते वर्षभरात पहिल्यांदा. तिथंही बोटाच्या पेराएवढा चट्टा होता. जाऊ रडली आणि तिनं डबी आणून उकिरड्यावर पालथी केली. आनसाक्कानं उंबऱ्याखाली बोटभर खड्डा केला, त्यात आपला दात पुरला.

"ह्यो साक्षीला," ती म्हणाली. "ह्या घरात परत कुणी मिश्री लावली, तर ह्यो दुखंल. आन मला कळंल."

असं म्हणतात, की तसंच व्हायचं. आनसाक्काचे दात एकेक करून पडत गेले आणि पडलेला प्रत्येक दात तिनं एकेका घराच्या उंबऱ्यात पुरला. त्या घरात कुणी चोरून बोट काळं केलं, की आनसाक्काच्या जबड्यात, जिथं आता दात नव्हता, तिथंच कळ यायची. मग ती गाल धरून भर दुपारी त्या दारात हजर. काही बोलायची नाही. नुसती बघायची. बाईच्या हातातून डबी गळून पडायची. बायका म्हणायच्या, मुकी परवडली, पण आनसाक्काची ती नजर नको.

मिश्री सुटली त्यांतल्या कित्येकींचे चट्टे हळूहळू विरले. सगळ्यांचे नाही. दोघी फार पुढं गेल्या होत्या, त्या वाचल्या नाहीत. पण त्या गेल्या तेव्हा आनसाक्का त्यांच्या उशाशी होती. तोंडाला वास येतो म्हणून घरचे लांब बसत, ती जवळ बसायची.

बत्तीस घरांत बत्तीस दात गेले. तिचं स्वतःचं सोडून गावात घरं होती तेहेतीस. राहिलं ते पाटलांचं घर, सुंद्राचं. तिची सासू गोदाक्का मोठी करारी बाई. तिनं आनसाक्काला वाड्याच्या दाराला हात लावू दिला नव्हता. सुंद्राला दिवस गेले होते. ओकाऱ्या थांबाव्यात म्हणून गोदाक्का तिला दिवसातून चारदा मिश्री लावायला सांगायची. लेकीनं वर्षभर आईला तोंड दाखवलं नव्हतं.

आणि आता आनसाक्काचंच तोंड मिटत आलं होतं. जेमतेम एक बोट जायचं. बोलणं तिच्याशिवाय कुणाला समजत नव्हतं. तोंड पुरतं मिटायच्या आत तिला लेकीकडे पोचायचं होतं. एका दुपारी ती उठली, काठी टेकत पाटलांच्या दारात गेली आणि उंबऱ्याशी बसली.

गोदाक्का पदराआडून म्हणाली, "कशाला आलीस? तुझ्याकडं आता पुरायला दात तरी हाय का?"

आनसाक्कानं मान हलवली. नाही. मग तिनं आत उभ्या असलेल्या सुंद्राकडे हात केला. सुंद्रा जागची हलेना. आनसाक्का तसाच हात पुढं धरून बसली. तिनं तो खाली घेतला नाही. शेवटी सुंद्रा आली, आईसमोर गुडघ्यांवर बसली, पदर सोडला आणि उन्हाकडे तोंड उघडलं. दोन्ही गालांना साय धरली होती. आनसाक्काच्या मिटल्या तोंडातून असा आवाज निघाला, की गोठ्यातली जनावरं उभी राहिली.

मग तिनं हात गोदाक्काकडे वळवला.

"मला काय न्हाई झालं," गोदाक्का म्हणाली.

हात तसाच.

"म्हटलं न्हवं, काय न्हाई!"

हात तसाच. मग ती करारी बाई भिंतीला टेकत खाली बसली. तिनं पदर काढला, तेव्हा सुंद्रा किंचाळली. गोदाक्काचं तोंड करंगळीएवढंही उघडत नव्हतं. सहा महिने ती पदराआड पेज चोखून राहिली होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

"मला ठावं हुतं गं," ती दातांवर दात ठेवून बोलली. "तू आलीस तर दाखवावं लागंल, म्हणून तुला येऊ दिलं न्हाई. लई भ्या वाटत हुतं, आनसा."

आनसाक्का सरकत तिच्याजवळ गेली आणि तिचा हात धरून बसली. दोघी विहिणी एकमेकींचं काळं पडलेलं बोट धरून बसल्या, असं म्हणतात. मग आनसाक्कानं खुणेनं सांगितलं, दात नाही, मीच बसते इथं. ती उंबऱ्याला टेकून बसली ती उठली नाही. सुंद्राला मिश्रीची तलफ आली, डोकं ठणकलं, ती आईच्या मांडीवर तडफडली. आई तिला मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला लावायची, काडी हातात द्यायची, कपाळ चेपायची. पाचव्या दिवशी दुपारी सुंद्रा पहिल्यांदा भूक लागली म्हणाली. ती भाकरी घेऊन दारात आली, तर आनसाक्का गेलेली होती.

तिला उचलायला बायका वाकल्या आणि थबकल्या. जे तोंड एका बोटाएवढं उरलं होतं, ते सताड उघडं होतं, हसताना उघडतं तसं. बायका एकेक करून पुढं आल्या आणि पदर बाजूला करून आत बघू लागल्या. काही जणींना लहान पोरीच्या असतात तसे पांढरे स्वच्छ बत्तीस दात दिसले. काही म्हणाल्या, आम्हाला नुसत्या म्हातारीच्या हिरड्या दिसल्या. माझी पणजी त्या बायकांत होती. तिला काय दिसलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

गोदाक्का दोन महिन्यांनी गेली. सुंद्राचे चट्टे जायला दोन वर्षं लागली. ती ऐंशी वर्षं जगली. तिला मुलगी झाली, तिचं नाव आनसाच ठेवलं.

आजही हिरंबोळीच्या शिवेत मिश्री भाजत नाहीत, आणि दुकानात तंबाखूची पुडी टांगत नाहीत. माघातल्या पहिल्या रविवारी सगळं गाव नदीकाठच्या काळ्या खडकावर उन्हात बसतं आणि एकमेकांची तोंडं बघतं. पुरुषही बसतात आता. ज्याच्या तोंडात काही दिसलं, त्याला दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. एकट्याला पाठवत नाहीत, घरातलं एक माणूस बरोबर जातंच.

आणि नवी सून दारात आली, की माप ओलांडायच्या आधी तिला उंबऱ्याबाहेर थांबवतात. आत सासू उभी असते. आधी सासूनं तोंड उघडून दाखवायचं, मग सुनेनं. सासू लाजली, कुणी हसलं, तर मागच्या म्हाताऱ्या म्हणतात, "उघड की गं. आनसाक्का बसलीय उंबऱ्यात. तिला बघू दे."