भिंतीवरचे नाव

त्या दिवशी सकाळपासून मळभ होते. मार्गशीर्ष महिना, खरे तर लख्ख ऊन पडायचे दिवस. पण आभाळ असे खाली उतरले होते की डोंगराचा माथा दिसेना, आणि दोरीवरचे कपडे दिवसभर ओलेच राहणार हे सांगायला कुणी जाणता लागत नव्हता. अशा त्या सकाळी एका खेड्यातले गुरुजी शाळेसमोर राहणाऱ्या म्हाताऱ्या लोणाऱ्याकडे, आबांकडे गेले. आबांनी जन्मभर चुन्याची भट्टी लावली होती. अक्षरओळख नव्हती, पण अडलेला माणूस त्यांच्याच ओट्यावर येऊन बसे.

गुरुजींचे अडले होते ते असे. सहावीतली गिरिजा दहा दिवस शाळेत आली नव्हती. वर्गात इंग्रजी न अडखळता वाचणारी तीच एक. तिची आई धड काही सांगेना. पोरीला आता मामाकडे ठेवते, एवढेच म्हणे. आबांनी दोन शब्द सांगावेत, अशी गुरुजींची विनंती होती.

आबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. काठी घेऊन उठले आणि गुरुजींना चावडीपुढच्या नळावर नेऊन उभे केले. दूधवाली आली, तिला म्हणाले, "हे आमचे नवे गुरुजी. आधीच्या गुरुजींपेक्षा बुटके." ती पदर तोंडाला लावून हसली. मागून न्हावी आला. त्याला सांगितले, आधीच्यांपेक्षा यांचे केस विरळ. न्हावी म्हणाला, तरीच माझ्याकडे फिरकत नाहीत. मग आवाजाचा विषय निघाला. तोही आधीच्यांपेक्षा बारीक ठरला. नळावरच्या बायका घागरी तशाच ठेवून ऐकू लागल्या.

गुरुजींचे कान तापले. म्हाताऱ्याला चळ लागला की काय, असे त्यांच्या मनात आले.

"आबा, माझं काय चुकलं?"

"मी खोटं बोललो का, गुरुजी?"

खोटे काहीच नव्हते. तेच तर लागत होते.

आबा त्यांना परत शाळेपाशी घेऊन आले. रस्त्याकडची भिंत दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींनी स्वतःच रंगवली होती. इंग्रजीत विशेषणाने तुलना कशी करावी, हे मुलांना येता-जाता दिसावे म्हणून. आपली नावे दिसली की पोरांना गोडी लागते, म्हणून नावेही वर्गातलीच घातली होती. तिसरी ओळ होती : 'गिरिजा इज डार्कर दॅन नीलम.' म्हणजे गिरिजा नीलमपेक्षा काळी.

आबांनी काठीचे टोक त्या ओळीला टेकवले.

"मला वाचता येत नाही. पण पोरं मोठ्यानं वाचतात, ते ओट्यावर ऐकू येतं. ही ओळ त्यांना फार आवडते. अर्थ मी त्यांनाच विचारला. पोरगी आधी या रस्त्यानं यायची, मग ओढ्याकडून वळसा घालून येऊ लागली, मग यायचीच थांबली. माणूस उंच आहे म्हणायला तो एकटा पुरतो, गुरुजी. जास्त उंच म्हणायचं तर शेजारी कुणाला तरी बुटकं करून उभं करावं लागतं. तुम्हाला शिकवायचंच आहे तर डोंगर उभे करा, झाडं उभी करा. ती घरी जाऊन आरशापुढं बसत नाहीत."

गुरुजींनी पत्र्याचा तुकडा घेतला आणि भिंत खरवडायला लागले. रंग तेलाचा, सुटता सुटेना. नखे दुखावली. दुपारची एसटी पाठीमागून गेली, तरी त्यांनी मान वळवली नाही. आबांनी चुना कालवून दिला. दोन हात मारून झाले. पण मळभात चुना वाळेना आणि ओल्या चुन्याआडून ते नाव पुसट दिसतच राहिले. उद्या ऊन पडले की झाकेल, असे आबा म्हणाले.

उद्याची वाट पाहायला गुरुजी थांबले नाहीत. मुलीची माफी मागायची, तीही तिच्या आईसमोर, एवढे मनाशी ठरवून चुन्याच्या हातांनीच ते गिरिजाच्या घरी गेले. दाराला कुलूप होते.

शेजारची बाई सूप घेऊन ओट्यावर बसली होती. तिने त्यांच्या हातांकडे पाहिले आणि निवडणे न थांबवता म्हणाली, "दुपारच्या गाडीनं गेली मामाकडं. जाताना मला विचारत होती, तिकडच्या शाळेत भिंतीवर पोरींची नावं लिहितात का हो, काकू."