मधलं पाणी

फार फार वर्षांपूर्वी, ढग तळ्यात उतरून डुलकी काढत त्या काळी, पाण्याच्या मधोमध एका बेटावर बगळ्यांची शाळा होती. कोणत्या पाण्यानं कोणता आजार होतो, ते तिथं शिकवत. पांढरेशुभ्र विद्यार्थी पाय धुऊन आत शिरत. चिखल लागलेल्याला गुरुजी दारातूनच परत पाठवत.

काठावर घरट्याघरट्यांतून फिरून आजाऱ्यांची विचारपूस करायची, ती भागी टिटवी. एका धुकट सकाळी काठावरची पिल्लं माना टाकू लागली, तशी ती शाळेच्या दाराशी आली.

"गुरुजी, वारा बाधलाय की पाणी, मला कळेना."

म्हाताऱ्या गुरुजींनी तिथंच चोच बुडवली, डोळे मिटून घोट घेतला. "पाणी अमृतासारखं आहे, भागी. वाराच बाधला असेल."

"पण हे मधलं पाणी, गुरुजी. इथवर यायला पिल्लांना अजून पंख कुठं फुटलेत? ती म्हशींच्या खुरांच्या खळग्यांतलं पितात."

जन्मभर गुरुजींनी हेच पाणी चाखलं होतं. मग ते धुक्यातून तिच्यामागे काठावर उतरले, गुडघाभर चिखलात. खळग्यातला थेंब चाखताच म्हणाले, "शेवाळ कुजलंय. सगळ्यांना काठावरच्या झऱ्यावर ने."

कुठल्या झुडपाखाली कोण निजलंय, ते भागीलाच ठाऊक. दुपारपर्यंत तिनं एकूणएक पिल्लू झऱ्यावर नेलं. संध्याकाळी काठ पुन्हा चिवचिवू लागला.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी दारात पाय तपासत, ते वेगळ्याच कारणानं. कुणाचे पाय स्वच्छ दिसले, की विचारत, "काय रे, आज भागीबरोबर गेला नाहीस वाटतं?"