सशांचं गाऱ्हाणं

राजकन्येच्या पाळीव सशांसाठी वर्षभराचं गवत एकदमच घ्यायचं ठरलं, आणि कोठाराचे कारभारी भुजंगराव यांनी ते थेट आपल्या मेहुण्याकडून घेतलं. गाड्यांमागून गाड्या आल्या. ससे सांभाळणाऱ्या सगुणाने एका पेंढीत हात खुपसला, तर आतून दमट! सशांनी तर त्याला तोंडही लावलं नाही.

तक्रार राजापर्यंत गेली. भुजंगराव भर दरबारात गरजले, "गवत खडखडीत वाळलेलं आहे! हिच्या सशांना आता केशर घालू का?"

राजाने सगुणाकडे पाहिलं. चाकरी गेलीच, असं तिला वाटलं, पण ती हात जोडून म्हणाली, "चुकलं माझं, महाराज. रावसाहेब म्हणतात तर वाळलेलंच असेल. फक्त सशांच्या खोपटात एवढं मावत नाही. रावसाहेबांच्या नव्या माडीखाली जागा रिकामी आहे, तिथे गंजी रचू."

"माझ्या घरात?" भुजंगराव ताडकन उठले. "अगं, दमट गवत आतून तापतं! पेटलं तर माडीची राख होईल!"



सगुणा हळूच म्हणाली, "ससेही हेच सांगत होते, रावसाहेब. पण त्या बिचाऱ्यांचा मेहुणा कुठे कारभारी आहे?"