पानावरचा आडवा हात

नवरदेवाचे मामा हणमंतशेठ साड्यांच्या वेबसाइटचे मालक. पंगतीत बसून ते ऐटीत सांगत होते, "कोण काय बघतं, ते आमच्या कुकीज टिपून ठेवतात. नको असेल त्याने नाही म्हणावं. सोय आहे की."

"कुठे?" वाढणाऱ्या इंदूकाकूंनी विचारलं. त्या नवरीकडच्या.

"आत, सेटिंग्जच्या पार तळाशी. 'हो'चं बटण मात्र समोरच."

काकूंनी जिलब्या वाढायला घेतल्या. शेठनी पानावर आडवा हात धरला, तर काकूंनी हातावरच वाढल्या.

"अहो, नको म्हणतोय ना."

"नको म्हणायची सोय मागच्या अंगणात, आचाऱ्याकडे. इथे फक्त 'हो' चालतं."

अख्खी पंगत हसली. पाकाच्या हातानेच शेठनी ऑफिसला फोन लावला, "'नको'चं बटण 'हो'च्या शेजारी आणा."

तेव्हा कुठे काकू पुढच्या पानाकडे वळल्या.